इन्शुलिन बंद झालं पण पोट रिकामं होत नव्हतं

किडनी आणि पॅन्क्रियाज (स्वादुपिंड, जिथे इन्शुलिन बनतं) दोन्ही एकाच ऑपरेशनमध्ये बसवून घेतलेल्यांपैकी मी एक. टाईप वन डायबेटिस शाळेत असल्यापासून, पुढे किडन्या गेल्या, डायलिसिस सुरू झालं, मग लिस्टवर नाव लागलं आणि एकदाचा तो फोन आला. ट्रान्सप्लांट चांगलं झालं, दोन्ही अवयव आजही नीट काम करतायत, इन्शुलिन नाही. हे सगळं आहेच, पण मला लिहायचंय ते पोटाबद्दल, कारण ऑपरेशननंतर मला सगळ्यात जास्त दमवलं ते माझ्या स्वतःच्या जुन्या जठराने. याबद्दल आधी कुठे सविस्तर वाचायला मिळालं असतं तर मी आणि माझी ताई, आम्ही दोघी खूप कमी घाबरलो असतो. म्हणून हे जरा लांबच लिहितेय.

आधी काय होत होतं ते सांगते. ट्रान्सप्लांटच्या बऱ्याच आधीपासून मला थोडं खाल्लं की पोट गच्च भरायचं. चार घास आणि बास. ढेकर यायचे आणि त्याला सकाळच्या खाण्याचा वास असायचा, कधीकधी संध्याकाळी उलटी झाली तर सकाळी खाल्लेलं जसंच्या तसं बाहेर यायचं. हे किडनीमुळेच असणार असं सगळे म्हणायचे, आणि ते चूक होतं असं मी म्हणणार नाही कारण युरिया वाढला की मळमळ होतेच, भूक जातेच. दोन्ही आजारांची लक्षणं इतकी एकमेकांत मिसळलेली असतात की नुसतं वरून सांगता येत नाही. पण एक गोष्ट किडनीच्या खात्यात बसत नव्हती, ती म्हणजे शुगर. जेवायच्या आधी इन्शुलिन घेतलं की जेवल्यावर अर्ध्या-पाऊण तासात मी लो व्हायचे, जेवलेली असताना लो, घाम, थरथर, आणि मग तीन-चार तासांनी शुगर एकदम वर. इन्शुलिन आपल्या वेळेवर काम करत होतं पण अन्न जठरातच अडकून बसलेलं, ते लहान आतड्यात पोहोचल्याशिवाय त्यातली साखर रक्तात येणार कुठून? आणि इन्शुलिनचा जोर संपल्यावर मग ते हळूहळू पुढे सरकायचं. तुम्हाला टाईप वन असेल आणि जेवण झाल्या झाल्या शुगर पडत असेल तर डोसचा हिशोब बदलत बसण्याआधी पोटाची तपासणी मागा, हे मी आता प्रत्येकाला सांगते.

लिस्टवर घेण्याआधीच्या तपासण्यांमध्ये पोटाच्या डॉक्टरांनी एंडोस्कोपी केली. आदल्या रात्रीपासून उपाशी असूनही जठरात अन्न शिल्लक होतं. पुढचा मार्ग मात्र मोकळा, कुठे अडथळा नाही, अल्सर नाही, गाठ नाही. वाट मोकळी असून अन्न पुढे जात नाही म्हणजे ढकलणारी यंत्रणाच ढिली पडलीय. याला गॅस्ट्रोपरेसिस म्हणतात. डॉक्टरांनी मला छान समजावून सांगितलं की जठराच्या खालच्या भागाला मिनिटाला साधारण ३ लाटा येतात, त्या लाटा अन्न घुसळून बारीक करतात आणि थोडं थोडं पुढे सोडतात, या लाटांचा ठेका धरणाऱ्या काही खास पेशी जठराच्या भिंतीत असतात आणि वरून व्हेगस नावाची नस त्यावर लक्ष ठेवते. वर्षानुवर्षं शुगर वरखाली होत राहिली की या नसेला इजा होते, त्या पेशीही कमी होतात. शिवाय त्या क्षणी रक्तातली शुगर जास्त असेल तर त्यानेही जठर मंदावतं, नस चांगली असली तरी. म्हणजे दोन कारणं एकावर एक. हे दोन वेगळे आहेत हे लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

मग ती मोठी टेस्ट, गॅस्ट्रिक एम्प्टिंग स्कॅन. यात ठरलेलं जेवण देतात, अंड्याचा पांढरा भाग, टोस्ट, जॅम आणि पाणी, आणि त्यात अगदी थोडा किरणोत्सर्गी पदार्थ मिसळलेला असतो. ते दहा मिनिटांच्या आत संपवायचं आणि मग कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं, खाल्ल्याबरोबर एकदा, मग १ तासाने, २ तासांनी आणि ४ तासांनी. दोन तासांनंतर ६० टक्क्यांहून जास्त किंवा चार तासांनंतर १० टक्क्यांहून जास्त अन्न जठरातच असेल तर एम्प्टिंग मंद आहे असं धरतात. माझ्या पोटात चौथ्या तासाला जवळजवळ अर्धं जेवण तसंच होतं. टेस्टच्या दोन-तीन दिवस आधीपासून पोट हलवणारी औषधं आणि अफूवर्गातली पेनकिलर बंद ठेवावी लागतात आणि त्या सकाळी शुगर २७५ च्या खाली हवी, नाहीतर जो निकाल येतो तो तुमच्या जठराचा की वाढलेल्या शुगरचा हे कळत नाही. काही ठिकाणी दोनच तासांची टेस्ट करतात असं ऐकलंय, पण दोन तासाला ठीक वाटणारं पोट चौथ्या तासाला मागे पडलेलं दिसू शकतं, त्यामुळे चार तासांची आहे का हे विचारून घ्या, कंटाळा येतो बसून बसून पण विचारा.

मला भीती होती की हा रिपोर्ट बघून मला लिस्टवरून काढतील. तसं झालं नाही. सर्जन बाईंनी स्पष्ट सांगितलं की इतकी वर्षं टाईप वन असलेल्या आणि किडनी गेलेल्या माणसांमध्ये हे बऱ्याच जणांना असतं, नुसत्या एवढ्यावरून आम्ही नाही म्हणत नाही, पण आम्हाला आधी माहीत असायला हवं. भूल देताना पोटात अन्न असेल तर ते फुफ्फुसात जाण्याचा धोका असतो आणि ऑपरेशनचा फोन तर कधीही येतो, तुम्ही जेवून उठलेले असता. आणि दुसरं म्हणजे नंतरच्या गोळ्या. त्या वेळी गोळ्यांचं मला नीटसं समजलं नव्हतं, ते पुढे समजलं.

ऑपरेशनबद्दल थोडं, कारण लोकांना वाटतं की पोटाचं ऑपरेशन झालं म्हणून पोट बिघडलं. नवा पॅन्क्रियाज जुन्याच्या जागी बसवत नाहीत. जुना आपल्या जागी राहतो, तो पाचकरस बनवतच असतो, फक्त त्यात इन्शुलिन बनत नाही. नवा खाली ओटीपोटात, बहुतेक वेळा उजव्या बाजूला, आणि किडनी डाव्या बाजूला. नव्या पॅन्क्रियाजबरोबर दात्याच्या ड्युओडेनमचा, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीचा तुकडाही येतो, आणि तो तुकडा आपल्या लहान आतड्याला जोडतात म्हणजे नव्या पॅन्क्रियाजचा पाचकरस आतड्यात जातो. पूर्वी तो मूत्राशयाला जोडायची पद्धत जास्त होती, अजूनही काही वेळा करतात, पण त्यात लघवीवाटे बायकार्बोनेट आणि पाणी खूप जातं. जठराला या सगळ्यात कोणी हात लावत नाही. पहिलं पॅन्क्रियाज ट्रान्सप्लांट अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९६६ च्या डिसेंबरमध्ये विल्यम केली आणि रिचर्ड लिलेहाय यांनी केलं, तेही किडनीबरोबरच. म्हणजे हे तंत्र जुनं आहे, खूप सुधारलेलं आहे. पण नवा पॅन्क्रियाज देतो ते इन्शुलिन. व्हेगस नस नवी मिळत नाही.

शुद्धीवर आले तेव्हा शुगर १२० च्या आसपास होती आणि इन्शुलिनचा पंप लावलेला नव्हता. ताईने तो आकडा मला दोनदा वाचून दाखवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझं शरीर स्वतःहून ते करत होतं. त्याचं वर्णन मला आजही जमत नाही.

नाकातून जठरात घातलेली नळी होतीच. ऑपरेशननंतर काही दिवस आतडी सुस्त असतात, सगळ्यांचीच, त्यामुळे ते अपेक्षित होतं. माझ्या शेजारच्या खोलीतल्या फक्त किडनी बसवलेल्या पेशंटची नळी लवकर निघाली, ते चहा प्यायला लागले, चालायला लागले. माझी नळी काढली की थोडं पाणी, थोडं सूप, आणि रात्री सगळं हिरवट बाहेर. परत नळी. परत काढली, परत तेच. टाके ताजे असताना उलटी होणं काय असतं ते ज्याला झालंय त्यालाच कळेल, ताई उशी पोटाशी धरून उभी राहायची.

इथे मला टीमचं खरंच कौतुक वाटतं. मला आधीपासून गॅस्ट्रोपरेसिस आहे हे कागदावर होतं, तरी त्यांनी प्रत्येक उलटी त्याच्या नावावर टाकली नाही. पॅन्क्रियाज ट्रान्सप्लांटनंतर उलटी होण्याची कितीतरी कारणं असतात आणि त्यातली काही अशी की उशीर चालत नाही. नव्या पॅन्क्रियाजची रक्तवाहिनी गुठळीने बंद होणं, ही पहिल्या काही दिवसांतली सगळ्यात मोठी भीती. आतड्याच्या जोडणीतून गळती. नव्या पॅन्क्रियाजला सूज. आतड्याला पीळ किंवा अडथळा. म्हणून आधी डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, मग सीटी, रोज लायपेज आणि अमायलेज या पॅन्क्रियाजच्या रक्ततपासण्या, रोज शुगर. ते सगळं ठीक आलं. मग औषधांकडे वळले. मॉर्फिनसारखी पेनकिलर जठर आणि आतडी दोन्ही मंद करतात, ती शक्य तितक्या लवकर कमी केली. मायकोफेनोलेट या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाने मळमळ आणि जुलाब होतात हे तर प्रसिद्धच आहे, त्याचा दिवसाचा डोस तोच ठेवून दोनच्या ऐवजी चार छोट्या भागांत वाटला, त्याने बराच फरक पडला. नंतर काही महिन्यांनी परत उलट्या वाढल्या तेव्हा एंडोस्कोपी करून जठराच्या आतल्या अस्तराचा तुकडा तपासला, कारण प्रतिकारशक्ती दाबलेली असताना सीएमव्ही नावाचा व्हायरस जठरात बसू शकतो आणि लक्षणं हुबेहूब अशीच दिसतात. माझ्यात तो निघाला नाही. पण तपासलं हे महत्त्वाचं. ट्रान्सप्लांटनंतर तुम्ही कुठल्याही दवाखान्यात उलट्यांसाठी गेलात आणि कोणी नुसतं जुना गॅस्ट्रोपरेसिस आहे म्हणून परत पाठवलं तर तिथेच थांबू नका, ट्रान्सप्लांट टीमला फोन लावा.

आता गोळ्या. माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा हा आहे. किडनी आणि पॅन्क्रियाज टिकायचे तर टॅक्रोलिमस हे प्रतिकारशक्ती दाबणारं मुख्य औषध रक्तात ठराविक पातळीत राहायला लागतं, कमी झालं तर शरीर नव्या अवयवांवर हल्ला करतं, जास्त झालं तर तेच औषध किडनीला मारतं, हात थरथरतात, आणि गंमत नाही, शुगरही वाढवतं कारण ते इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींनाही त्रास देतं. ही गोळी शोषली जाते लहान आतड्यात. आता विचार करा, जठर रिकामंच होत नसेल तर सकाळी घेतलेली गोळी आतड्यात पोहोचणार कधी? एखाद्या दिवशी दोन तासांनी, एखाद्या दिवशी सहा तासांनी, एखाद्या दिवशी सकाळची आणि संध्याकाळची मिळून. पुढच्या डोसच्या आधी, म्हणजे बारा तासांनी जी लेव्हल काढतात ती माझी आज ५, परवा १४, तेरवा ७ अशी नाचत होती, डोस तोच, वेळ तीच. एका नव्या डॉक्टरांनी तर ताईला बाजूला घेऊन विचारलं की ही गोळ्या नीट घेते ना. ताईला फार लागलं ते, कारण गोळ्यांची पेटी तीच भरायची, वेळ तीच लिहायची. तिने वही काढून समोर ठेवली. त्या वहीत उलटीची वेळही लिहिलेली होती आणि गोळीची वेळही, आणि दोन्ही शेजारी शेजारी बघितल्यावर त्यांना कळलं की लेव्हल पडते ती उलटीच्या दुसऱ्या दिवशी.

उलटी झाल्यावर गोळी परत घ्यायची की नाही, हा प्रश्न दिवसरात्र डोक्यात असायचा. आम्हाला सांगितलेला नियम असा होता की स्वतःच्या मनाने डोस परत घ्यायचा नाही, गोळी घेऊन किती वेळ झाला ते बघायचं, उलटीत गोळी दिसली का ते बघायचं, आणि ट्रान्सप्लांट टीमच्या कोऑर्डिनेटरला फोन करायचा, रात्री असला तरी. तुमच्या टीमचा नियम वेगळा असू शकतो, तो डिस्चार्जच्या आधी लिहून घ्या. काही आठवडे तर टॅक्रोलिमस जिभेखाली देत होते, कॅप्सूल उघडून आतली पावडर जिभेखाली ठेवायची, हातमोजे घालून, आणि ती विरघळेपर्यंत गिळायचं नाही, पाणी प्यायचं नाही. असं घेतल्यावर औषध पोटातून न जाता थेट रक्तात जातं म्हणून डोस साधारण निम्मा ठेवतात आणि लेव्हल जास्त वेळा तपासतात. हे घरी कोणी आपल्या मनाने करू नका, मी सांगतेय ते अशी सोय असते हे माहीत असावं म्हणून. आतड्यात जाऊन विरघळणाऱ्या आवरणाच्या गोळ्यांचंही असंच, ज्याचं जठर वेळेवर रिकामं होतं त्याला त्या सोयीच्या, आमच्यासारख्यांच्या बाबतीत आवरणवाली गोळी जठरातच वाट बघत बसते, म्हणून त्याबद्दलही आधी विचारा. आणि जुलाब लागले तर उलट, टॅक्रोलिमसची लेव्हल वाढते, त्यामुळे पोटाचं काहीही बिघडलं की लेव्हल तपासायची हे आमच्या घरात ठरूनच गेलंय.

पोट हलवणारी औषधं दिली त्यात पहिलं मेटोक्लोप्रमाइड, जेवणाआधी अर्धा तास, पातळ स्वरूपात कारण गोळी परत जठरातच पडून राहणार. त्याने मला बरं वाटलं. पण ते खूप दिवस घेतलं तर तोंडाच्या, जिभेच्या आपोआप होणाऱ्या हालचाली सुरू होऊ शकतात आणि त्या कधीकधी कायमच्या राहतात, म्हणून १२ आठवड्यांपलीकडे नको असं म्हणतात, अमेरिकेत तर २००९ पासून त्या औषधावर तशी सगळ्यात कडक ताकीद छापलेली असते. मग डॉम्पेरिडोन, त्याच्या आधी आणि नंतर ईसीजी, कारण ईसीजीत दिसणारं क्यूटी नावाचं एक अंतर त्याने लांबू शकतं आणि हृदयाचा ठेका बिघडू शकतो. एरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक खरं तर जठर हलवण्यात फार जोरदार आहे, पण ते यकृतातलं टॅक्रोलिमस मोडणारं एन्झाइम अडवतं, त्यामुळे टॅक्रोलिमसची लेव्हल भसकन वर जाते. मला ते दिलंच नाही.

याच्यावरून एक सांगते. डिस्चार्जनंतर बऱ्याच महिन्यांनी खोकला झाला म्हणून मी एका साध्या दवाखान्यात गेले, तिथे क्लॅरिथ्रोमायसिन लिहून दिलं. ट्रान्सप्लांटची सगळी औषधं मी सांगितली होती, यादी दाखवली होती. ताईने चिठ्ठीवरचं नाव बघितलं आणि म्हणाली, थांब, शेवटी मायसिन आहे, आधी विचारू. कोऑर्डिनेटरने सांगितलं अजिबात घेऊ नका, ते एरिथ्रोमायसिनसारखंच टॅक्रोलिमस वाढवतं. दुसरं अँटिबायोटिक दिलं. असंच बुरशीवरच्या काही औषधांचं, फ्लुकोनाझोल वगैरे, आणि ग्रेपफ्रूटचंही. कुठलंही नवीन औषध टीमला न विचारता घ्यायचं नाही, हे सगळ्यांनाच सांगतात, पण ज्यांचं पोट मंद आहे त्यांची लेव्हल आधीच अस्थिर असते, त्यांना हा धक्का जास्त बसतो.

खाण्याबद्दल. आयुष्यभर मला सांगितलं गेलं होतं की फायबर खा, कच्च्या भाज्या खा, साखर टाळा, ज्यूस तर विषच. गॅस्ट्रोपरेसिसमध्ये हे सगळं उलटं होतं. फायबर आणि फॅट दोन्ही जठर रिकामं व्हायला उशीर करतात, आणि फळांच्या साली, रेषा, बिया जठरात साचून त्यांचा घट्ट गोळाही बनू शकतो जो मग एंडोस्कोपीने फोडावा लागतो. त्यामुळे सहा वेळा थोडं थोडं, मऊ, चांगलं चावून, शिजवून गाळून, आणि त्रास जास्त असेल तेव्हा पातळ, कारण पातळ पदार्थ बहुतेक वेळा मंद जठरातूनही सरकतात. खाल्ल्यावर आडवं व्हायचं नाही, जमेल तसं चालायचं. ट्रान्सप्लांटच्या आधी हे पथ्य पाळणं जवळजवळ अशक्य होतं, कारण पातळ आणि मऊ म्हणजे पटकन शुगर वाढवणारं, आणि माझी तर सगळी लढाई शुगरशीच. नंतर एक दिवस डाएटिशियनने मला सांगितलं की आता तू गोड ज्यूस पिऊ शकतेस, तुझा पॅन्क्रियाज सांभाळेल. मी ग्लास हातात घेऊन बराच वेळ बसले होते. प्यायले, तासाने शुगर बघितली, १३०. म्हणजे नव्या पॅन्क्रियाजने माझं जठर बरं केलं नाही, पण जठराला मानवेल असं खायची मोकळीक दिली, आणि माझ्या दृष्टीने हा ट्रान्सप्लांटचा एक मोठा फायदा आहे जो कोणी बोलून दाखवत नाही. अर्थात स्टेरॉइड चालू असतात, वजन वाढू शकतं, त्यामुळे हेही मोजूनमापूनच, डाएटिशियनला विचारून.

मधल्या काळात वजन इतकं उतरलं की नाकातून एक बारीक नळी जठराच्या पलीकडे थेट लहान आतड्यात टाकून रात्रभर हळूहळू फीड द्यायला लागलं. घरी आले ती नळी घेऊनच. त्यातूनच काही औषधंही जायची आणि त्या काळात माझ्या लेव्हल सगळ्यात स्थिर होत्या, हे वहीत स्पष्ट दिसतं. नळी दिसायला नको वाटते, घशाला टोचते, पण मी तिच्यावर रागावले नाही.

पाण्याचं मात्र फार जपायला लागतं. एक-दोन दिवस उलट्या झाल्या आणि पाणी पोटात राहिलं नाही की क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, वर जातं, आणि मग ते रिजेक्शन, म्हणजे शरीराने नवा अवयव नाकारणं, आहे की नुसतं पाणी कमी पडलंय हे बघायला परत भरती. शरीर कोरडं पडणं नव्या पॅन्क्रियाजच्या रक्तपुरवठ्यालाही चांगलं नाही. त्यामुळे आता मी वाट बघत नाही, दिवसभर पाणी टिकलं नाही तर सरळ जाऊन सलाईन लावून घेते, आणि त्याच सुईतून रक्त देऊन टॅक्रोलिमस, क्रिएटिनिन, लायपेज तिन्ही तपासायला सांगते.

सुधारलं का, हा प्रश्न मला सगळे विचारतात. हो, पण पूर्ण नाही. वर्षभरानंतर परत चार तासांचा स्कॅन केला, चौथ्या तासाला उरलेलं अन्न पहिल्यापेक्षा बरंच कमी होतं, तरी नॉर्मलच्या वरच. डॉक्टरांनी मला तेच दोन भाग आठवण करून दिले. शुगरमुळे त्या त्या वेळी येणारी मंदी, ती शुगर नॉर्मल झाल्यावर गेली, युरियाची मळमळ किडनी चालू झाल्यावर गेली. नसेचं नुकसान मात्र इतक्या वर्षांचं आहे, ते भरून यायला वर्षं लागतात आणि काहींचं भरून येतच नाही. काही जणांचं पोट ट्रान्सप्लांटनंतर खरंच छान सुधारतं, काहींचं अर्धवट, काहींना तोच त्रास राहतो. कोणाचं काय होईल हे मला आधी कोणी सांगू शकलं नाही, आणि ज्यांनी तसं प्रामाणिकपणे सांगितलं त्यांच्यावर माझा विश्वास जास्त बसला.

पुढचे उपायही समजावून दिलेत. जठराला विजेचे हलके झटके देणारं छोटं यंत्र पोटाच्या कातडीखाली बसवतात, त्याने उलट्या कमी होतात, एम्प्टिंग फारसं सुधारतंच असं नाही, आणि प्रतिकारशक्ती दाबलेली असताना शरीरात आणखी एक परकी वस्तू म्हणजे इन्फेक्शनचा विचार करायलाच लागतो. दुसरं जी-पोएम, एंडोस्कोपीने जठराच्या खालच्या, आतड्याकडच्या तोंडाशी असलेला स्नायू आतून कापून वाट सैल करतात, माणसांमध्ये हे २०१३ पासून व्हायला लागलंय. मला सध्या दोन्हीची गरज नाही. गरज पडली तर दुसऱ्याचा विचार आधी करीन असं माझं मत आहे, पण तेव्हाचं तेव्हा.

आता तर बरी झालीस ना, नवीन पॅन्क्रियाज मिळाला ना, मग अजून उलट्या कशा, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय. लोक प्रेमानेच विचारतात. सुरुवातीला मी प्रत्येकाला समजावत बसायचे, नंतर ताईनेच ते काम घेतलं. ती म्हणते, किडनी नवी, पॅन्क्रियाज नवा, जठर तिचंच आहे आणि त्याला वेळ द्यायचाय. एवढ्यात लोकांना कळतं.

तुम्ही लिस्टवर असाल आणि वर सांगितल्यातलं काही ओळखीचं वाटत असेल तर चार तासांचा स्कॅन ट्रान्सप्लांटच्या आधीच करून घ्या म्हणजे नंतर तुलना करायला काहीतरी हातात असतं, आणि टीमला विचारा की माझं पोट चाललं नाही तर मला टॅक्रोलिमस कसं देणार, त्यांच्याकडे उत्तर तयार असायला हवं. वजन कमी करायच्या किंवा शुगरच्या त्या नव्या इंजेक्शनांबद्दल, सेमाग्लुटाइड वगैरे, कोणी सुचवलं तर तुम्हाला गॅस्ट्रोपरेसिस आहे हे आधी सांगा, कारण ती औषधं मुळातच जठर मंद करतात. आणि पुढे कधीही कुठलंही छोटंमोठं ऑपरेशन असो, दाताचं भूल देऊन असो, एंडोस्कोपी असो, भूल देणाऱ्या डॉक्टरांना स्वतःच्या तोंडाने सांगा, फाईलमध्ये लिहिलंय म्हणून गप्प बसू नका. माझी पुढच्या महिन्यात एंडोस्कोपी आहे, त्यांनी नेहमीप्रमाणे रात्री बारानंतर काही खाऊ नका असा मेसेज पाठवला होता, मी फोन करून माझं जठर किती मंद आहे ते सांगितलं आणि आता आदल्या पूर्ण दिवशी फक्त पातळ घ्यायचं असं ठरलंय, टॅक्रोलिमसची सकाळची वेळ तीच ठेवून.